त्याच्या वाटचं व्हय

माझ्या बाबांनी आयुष्यात कुणाशी भेदभाव केला नाही, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत असत. आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हापूसचा रस डबाबंद व्हायचा. बाबा त्याला कारखाना म्हणत, रत्नागिरीतले लोक कॅनिंग म्हणत आणि आई नुसतं 'मागे' म्हणे. उन्हाळ्यात आंबा, पावसात कोकमाचं सरबत, थंडीत काजू, असं बारा महिने मागे काहीतरी चालू असे. कामाला सगळ्या जातीधर्मांची माणसं होती आणि बाबा त्या सगळ्यांवर सारख्याच आवाजात ओरडत. त्यांच्या मते समता म्हणजे तीच.

नवं शतक लागता लागता मला वकिलीची सनद मिळाली. राज्यघटना अंगात इतकी ताजी होती की चहात साखर कमी पडली तरी मी कलम सांगत असे. घरच्यांनी ते बरंच सहन केलं, हे आज मान्य करायला हरकत नाही.

त्याच मोसमात आमचा जुना बॉयलरवाला मुलाकडे मुंबईला गेला आणि त्याच्या जागी मिरकरवाडा बंदरावरचा एक तरुण आला. तोवर तो मासेमारीच्या ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचा. जमिनीवरची नोकरी त्याला हवी होती ती लग्नासाठी. सावर्ड्याची मुलगी पसंत होती, तिलाही हा पसंत होता. पण मुलीचे वडील बोटीवर गेले ते परत आलेच नव्हते, आणि दर्यावर जाणाऱ्याला मुलगी देणार नाही म्हणून तिची आई हटून बसली होती. आमच्याकडे तो टिकला तर लग्न, नाही टिकला तर पुन्हा ट्रॉलर आणि मुलगी दुसऱ्याच्या घरी. हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, त्यामुळे शेडमधल्या बायका त्याला अर्धा नवरदेव समजूनच चिडवत.

आता आमच्याकडची पद्धत अशी की मोसमाचा पहिला जाळ घालण्याआधी गाऱ्हाणं व्हायचं. बॉयलरसमोर नारळ ठेवून बाबा देवाला मोठ्याने साकडं घालीत आणि प्रत्येक मागणीला जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकही तोंड बंद राहून चालत नसे. आदल्या वर्षी पुण्याहून आलेल्या आमच्या हिशेबनिसाने ऐन गाऱ्हाण्यात जांभई दिली आणि काही दिवसांनी बॉयलरचा पाइप फुटला. पाइप जुनाट होता, पण बाबांनी दोष जांभईला दिला.

गाऱ्हाण्याच्या आदल्या संध्याकाळी तो तरुण ओटीवर आला आणि उभाच राहिला.

"शेठ, लाकडं फोडीन, शेड झाडीन, नारळ पन सोलून देईन. पन तेवढा व्हय माज्या तोंडातना नाय येवाचा. आमी एकाशिवाय दुसऱ्याकडं मागत नाय."

"अरे, मागणार मी आहे. तू फक्त व्हय म्हणायचंस."

"व्हय म्हटला की मागितलाच ना, शेठ."

बाबा म्हणाले की उद्या बघू. तो गेल्यावर मी सुरू झाले. सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य, धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य, सगळं एका दमात काढलं.

"मी कुठे भेदभाव करतोय?" बाबा म्हणाले. "हिंदू असो, मुसलमान असो, सगळ्यांना एकच नियम. सगळ्यांनी व्हय म्हणायचं."

"बाबा, तुमचा देव तुमचा आहे. तुम्हाला व्हय म्हणायला काय लागतं? त्याच्यासाठी तोच नियम जड आहे. सारखा नियम आणि सारखी वागणूक यांत फरक असतो."

"मग बॉयलर फुटला तर फरक तू सांगणार?"

मी तडक उठले आणि ज्या वकिलांकडे शिकत होते त्यांच्या घरी गेले. ते पायरीवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी माझं भाषण शांतपणे ऐकून घेतलं.

"हे स्वातंत्र्य मुख्यतः सरकारकडून मागायचं असतं," ते म्हणाले. "तुझे बाबा सरकार आहेत का?"

"घरात आहेत."

"मग घरात माग. दुकानात, हॉटेलात धर्म बघून गिऱ्हाइकाला अडवता येत नाही, ते कलम आहे. तुमचा डबा विकत घ्यायला तो आला आणि बाबांनी दिला नाही, तर माझ्याकडे ये. पण खाजगी शेडमध्ये कुणाला कामावर ठेवायचं, यात कायदा तुला फारसा हात देणार नाही."

त्या रात्री मला राज्यघटनेचाच राग आला. ज्या कायद्यासाठी मी इतकी वर्षं घोकंपट्टी केली, तो आमच्या मागच्या दारापर्यंतही पोचत नव्हता.

आईने तिच्या परीने तोडगा काढला. सकाळी त्या तरुणाला चहा देताना ती हळूच म्हणाली, "नुसते ओठ हलव रे. कोण बघतंय?"

"काकी, खोटा वागायचा तर आपल्या देवासमोर वागावा. दुसऱ्याच्या देवाला कशाला फसवू?"

बाबांनी हे ऐकलं. त्याला त्या दिवसापुरतं लाकडं आणायला लांज्याला धाडायचं त्यांनी आम्हाला बोलून दाखवलं होतं. पण जाळ घालणारा माणूसच गाऱ्हाण्याला नसला, तर देव ऐकणार कसा, हाही प्रश्न होताच. मी जाहीर केलं की तो गेला तर मीही व्हय म्हणणार नाही. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता त्याची नोकरी जाणार आणि माझं घर.

लांज्याला शेवटी कुणी गेलं नाही, सगळे जमले. आंब्याच्या पाट्या भिंतीला लागल्या होत्या आणि बायका सुऱ्या परजून बसल्या होत्या. तो दाराशी हात बांधून उभा होता, चेहरा उतरलेला. बाबांनी नारळ ठेवला आणि सुरुवात केली. आंबा आतून नासून साका निघू नये, व्हय म्हाराजा. डबा फुगू नये, व्हय म्हाराजा. मी तोंड घट्ट मिटून उभी होते. मग बाबा मध्येच थांबले, खाकरले आणि देवाशी बोलावं तसं न बोलता, शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलू लागले.

"आन् म्हाराजा, दाराशी उभा हाय तो पोरगा व्हय म्हननार नाय. त्याचा देव येगळा हाय आन् तो त्याच्याशी इमानात हाय. त्याचा राग धरू नको. त्याच्या वाटचं व्हय माज्या नावावर घे, आन् त्याच्या हाताला येश दे रे म्हाराजा."

मग सगळ्या बायकांनी पत्रा हादरेल असं 'व्हय म्हाराजा' म्हटलं आणि त्यांच्यात माझाही आवाज होता. मला बाबांचा इतका अभिमान वाटला की रडू आवरेना.

पंचाईत पुढे झाली. अशी सवलत मिळते हे कळल्यावर सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाली, "शेठ, माजं गुडघं पन सांगा." मग कुणाची सून, कुणाची रजा, हिशेबनिसाची जांभई. गाऱ्हाणं संपेपर्यंत वरच्या पाटीतला आंबा मऊ पडला.

नोकरी राहिली. पण पहिल्याच शुक्रवारी दुपारी नवा प्रश्न आला. तो नमाजाला जाणार आणि बॉयलर काही थांबत नाही. त्याच्या वाटचं आपल्या नावावर, असा देवाला शब्द दिलेला असल्यामुळे बाबांनी स्वतः लाकडं सारायला घेतली. तो दाब किती ठेवायचा हे पुन्हा पुन्हा सांगून गेला आणि बाबा जाळासमोर उभे राहिले.

अशाच एका शुक्रवारी सावर्ड्याहून एसटीने मुलीची आई आली, जावयाची नोकरी खरी आहे का ते बघायला. शेडमध्ये तिला घामाने निथळणारा, काजळीने माखलेला, एक भुवई जळालेला म्हातारा दिसला.

"मालक कुठं हाईत?" तिने विचारलं.

"मीच."

"आन् आमचा पोरगा?"

"नमाजाला गेलाय," बाबा म्हणाले. "येईल इतक्यात. बसा. जरा लांबच बसा, मला हे यंत्र अजून नीट कळत नाही."

बाई लांब बसली. बाबांनी पुढचं लाकूड जाळात सारल्याचं पाहून ती माझ्या आईला म्हणाली की असा मालक असेल तर लग्नाची तारीख पावसाच्या आधीची धरू.