दुपट्यासाठी गुण्या

सर्वप्रथम क्षमा मागते. निवृत्त होईपर्यंत मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले आणि प्रश्नपत्रिकांपलीकडे फारसे काही लिहिले नाही. शिवणकामावर लिहिण्याचा अधिकार तर त्याहूनही तोकडा. साठी उलटल्यावर सुई हाती धरलेल्या बाईने इतरांना काय सांगावे? तरीही एका दुपट्याची हकिगत मनातून जात नाही, म्हणून हे धाडस.

मुलीला बाळ झाले तेव्हा तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, देवळ्याहून आल्या. पिशवीतून त्यांनी एक जुने सुती लुगडे काढले. अंजिरी रंग, धुऊन धुऊन मऊ झालेले पोत आणि दोन बोटे रुंद हिरवा काठ.

"बारशाला दोन्ही आज्यांच्या लुगड्यांचं दुपटं पाहिजे," त्या म्हणाल्या. "अर्धं तुमचं, अर्धं माझं. तुम्ही आता शिवायला शिकल्या म्हणे. पण हे माझ्या आईचं हाय. एवढंच राहिलंय. जपून कापा."

त्या "जपून"मुळे माझी झोप उडाली. साधे चौकोन कापले असते तर हे लिहिण्याची वेळ आली नसती. परंतु मी त्रिकोण ठरवून बसले होते. चार मोठे त्रिकोण, त्यांची टोके मध्यभागी जुळलेली, समोरासमोर दोन माझ्या साडीचे आणि दोन त्यांच्या लुगड्याचे. कागदावर हे फार सुंदर दिसत होते.

आता काटकोन आखायला साधन हवे. प्रथम मुलीच्या जुन्या कंपासपेटीतला गुण्या काढला. तो तळहाताएवढा, त्याने आखलेली रेघ पुढे वाढवत नेली की कापडाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत चांगली बोटभर भरकटे. मग गोधडीसाठीच म्हणून विकली जाणारी पारदर्शक त्रिकोणी पट्टी ऑनलाइन मागवली. ती आली देखणी, परंतु साठ अंशांची. तिने कापलेले कागदी त्रिकोण जुळवले तेव्हा चार तुकड्यांत वर्तुळही पुरे होईना, आणि सहा लावल्यावर षटकोन तयार झाला. बाळाला षटकोनात गुंडाळण्याची प्रथा आमच्याकडे नाही.

शेवटी द्वारका चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि गवंड्याचा मोठा लोखंडी गुण्या मागितला.

"बांधकाम कुठं चालू आहे, ताई?" दुकानदाराने विचारले.

दुपटे शिवायचे आहे, असे सांगायला काय हरकत होती? परंतु मागे सिमेंट घ्यायला आलेली चार माणसे उभी होती. "घरीच," मी म्हणाले.

"भिंत की फरशी?"

"आधी कापायचं आहे."

"म्हणजे फरशी. पाणी मारत कापा, नाहीतर कोपरे उडतात."

मी त्यांचे मनापासून आभार मानले. घरी यजमानांनी टेबलावरची तिन्ही साधने न्याहाळली आणि म्हणाले, "घरात कोन भरपूर झाले. आता एखादी सरळ रेषाही आण."

विहीणबाईंच्या लुगड्याला हात लावण्यापूर्वी माझ्या साडीचे दोन त्रिकोण कापले. गुण्याची एक बाजू काठाला टेकवली, कारण गुण्या तसाच टेकवतात असे मला वाटत होते. त्यामुळे काठ मध्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा जाणार होता, आणि त्याचा मला अभिमानच वाटत होता. त्रिकोण कागदी नमुन्याबरहुकूम उतरले. मात्र अस्तरावर ठेवून बाहेरच्या कडेने धावदोरा घालू लागले, तशी ती कड हाताखाली वाढतच गेली. शिवून झाल्यावर तिच्यात लाटा उठल्या.

नेमक्या त्याच दुपारी विहीणबाई पुन्हा आल्या. त्यांनी लाटांवरून हात फिरवला.

"हे असंच असतं का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग माझ्या आईच्या लुगड्याला कात्री लावू नका. बाजारातून आणू दुपटं."

त्या लुगड्याची घडी घालू लागल्या. मी उरलेल्या साडीचा तुकडा उचलून घाईघाईने सगळीकडून ओढून पाहिला. उभा ओढला, ताणेना. आडवा ओढला, तरी जवळजवळ नाही. तिरपा ओढला आणि रबरासारखा लांबला. म्हणजे दोष गुण्यात नव्हता. बाहेरची लांब बाजूच मी उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपी, कापली होती. काठाला गुण्याची बाजू नव्हे, तर त्रिकोणाची लांब बाजू यायला हवी होती. गुण्याचा कोपरा कापडात आत, आणि त्याचे दोन्ही हात काठाला सारख्याच इंचांवर टेकलेले.

हे मी त्यांना समजावले. बहुधा तासाभराच्या व्याख्यानाच्या सुरात. त्यांनी शांतपणे ऐकले.

"म्हणजे काठ बाहेर येणार. अन् तुम्ही तो मुडपून आत घालणार."

"मुडपणार नाही. अस्तर आत दुमडून वर काठ तसाच ठेवते. दिसेल."

"दिसला पाहिजे," त्या म्हणाल्या आणि घडी उलगडली. गुण्या त्यांनी दोन्ही हातांनी असा दाबून धरला, जणू तो निसटून शेजारच्या घरी जाणार होता. मी कात्री चालवली. आमच्यापैकी कोणीही श्वास घेतल्याचे मला आठवत नाही.

त्यांची बाजू इस्त्री केल्यासारखी सपाट बसली. चारही बाजूंनी पाहिले तरी सुरकुती नाही, आणि हिरवा काठ कडेने सलग दिसतो.

बारशाला पाळण्याभोवती जमलेल्या बायकांतून एकीने विचारलेच, "ही लाटांची बाजू कोणाची?"

"शिकलेल्या आजीची," विहीणबाई म्हणाल्या. मग हसू ओसरल्यावर माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "लय मन लावून शिवलंत."

त्यानंतर माझी बाजू उसवून पुन्हा सरळ कापायचे मी ठरवले. साडी अजून शिल्लक आहे. परंतु विहीणबाईंनी ठाम नकार दिला. "राहू द्या. नाहीतर माझी बाजू सरळ हाय, हे लोकांना कळणार कसं?" मुलगी म्हणते, बाळ लाटांकडेच तोंड करून झोपते.

तुम्ही असता, तर उसवले असते का?