हुसेनभाईंनी न घासलेली शिवराई

नाणी जमवणाऱ्यांचा स्वभाव मला चांगला ठाऊक आहे, कारण मी त्यांच्यातलाच. आपलं नाणं दाखवताना आमचा हात पुढे येतो आणि दुसऱ्याचं पाहताना नाक वर जातं. टेलिफोन खात्यातली नोकरी, शुक्रवार पेठेतलं बिऱ्हाड आणि वीस वर्षांचा नाद एवढ्या भांडवलावर मी स्वतःला जाणकार समजत असे. माझी ही हवा हुसेनभाई कल्हईवाल्यांनी काढली, तीही आवाज न चढवता.

हुसेनभाई राहायला बिबवेवाडीला. सायकलला मागे भाता, पुढे कोळशाची पिशवी. स्वारगेटपासून कात्रजपर्यंतच्या वाड्यावस्त्यांवरची भांडी त्यांच्याकडे असायची. १९६८ साली कुणीतरी मजुरीच्या सुट्या पैशांत त्यांना एक जुनं तांब्याचं नाणं दिलं. जाड, वेडंवाकडं, वर अक्षरं. ती शिवराई होती. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. शिवकाळापासून पुढे कितीतरी पिढ्या हे नाणं चाललं. हुसेनभाईंना ते फार आवडलं. मग दर रविवारी ते जुन्या बाजारात जाऊन भंगाराच्या ढिगातून शिवराया वेचू लागले. त्यांच्या पत्नी जरीनाभाभी म्हणायच्या, “यांच्याकडे पैसे पुष्कळ. चालणारा एकही नाही.”

दोन वर्षांनी ते आमच्या नाणेसंग्राहक मंडळाच्या बैठकीला आले. आम्ही दहाबारा जण महिन्यातून एकदा एका शाळेच्या वर्गात जमत असू. हुसेनभाईंनी बाकावर रुमाल सोडला. साठेक शिवराया, आणि सगळ्या आरशासारख्या लखलखीत. कल्हईवाल्याच्या हातात काळं तांबं टिकणार कसं? चिंच, राख आणि वर तेजाबाचे दोन थेंब. प्रत्येक नाणं त्यांनी प्रेमाने घासलं होतं.

“नाणी आणलीत की हळदीकुंकवाला लुटायच्या वाट्या?” मी म्हणालो. सगळे हसले. मग मी त्यांना मास्तरी थाटात सांगितलं, की जुन्या तांब्यावरचा काळपटपणा ही त्याची कातडी असते. ती सोलली की अक्षरांच्या कडा जातात, नाण्याचं वय जातं आणि किंमतही जाते.

त्यांनी एवढंच विचारलं, “ते परत येतं का, साहेब?”

“नाही.”

त्यांनी रुमालाची गाठ मारली. हा माणूस आता काही येत नाही, असं मला वाटलं. पुढच्या महिन्यात ते आले, एक काळंकुट्ट नाणं घेऊन. माझ्याच शेजारी बसले आणि म्हणाले, “शिकवा.”

मी शिकवलं, हे सांगायला मला आवडतं. पण खरं म्हणजे ते शिकले. शाळा चौथीपर्यंतची, तरी शिवराईवरच्या अक्षरांची वळणं त्यांनी अशी पाठ केली, की अर्धं छापलेलं ‘रा’ पाहून ते नाणं कुठल्या जातीचं ते सांगत. लग्नपत्रिकांचे कागद कापून प्रत्येक नाण्याला पाकीट केलं आणि त्यावर ते कुठे मिळालं तेही लिहिलं. आणि ज्या धंद्यामुळे त्यांची चूक झाली होती, तोच कामाला आला. जुन्या बाजारात नकली नाणी भट्टीत काळी करून विकायचे. आम्ही भिंगं काढून बसायचो. हुसेनभाई नाणं हुंगत, अंगठ्याने चोळत आणि सांगत, “हे काळं आगीचं आहे, वयाचं नाही.” माझ्या संग्रहातली तीन नाणी त्यांनी अशी बाजूला काढली. तिन्ही मी लोकांना मिरवून दाखवलेली होती. मी चिडलो, चार दिवस बोललो नाही. नंतर लाज वाटली.

१९७४ च्या नवरात्राआधी ते माझ्या कचेरीच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला. “साहेब, माझ्या हातून एक नाणं गेलं.”

कात्रजच्या अलीकडे ओढ्याकाठी सोजरबाई म्हणून एक शेतकरीण राहायची. घट बसवायच्या आधी ती दर वर्षी देवीचा तांब्याचा कलश हुसेनभाईंकडून लखलखीत करून घ्यायची. कलशात टाकायची शिवराई त्यातच असायची. कलशाबरोबर तीही घासली जायची. देवीच्या भांड्यातला पैसा म्हणून अकरा वर्षं हात सवयीने फिरत गेला, त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. या वेळी पाहिलं, तर ‘राजा’चं वळण त्यांनी कुठेच न पाहिलेलं. वरच्या दोन ओळी पुसट, तिसरी पार सपाट. आणखी दोन नवरात्रं, की तांब्याची नुसती चकती उरणार होती.

“विकत घ्या,” मी म्हणालो.

“तिचा मुलगा संपत पंचवीस रुपयांत द्यायला तयार आहे. म्हणतो, म्हातारीला कळायचं नाही.”

“मग वाट कसली बघताय?”

“तिला न सांगता तिच्या देवीचं नाणं आणायचं?” ते म्हणाले. “मग ते दाखवू कुणाला?”

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर मीही गेलो. धीर द्यायला गेलो असं नाही. मला ते नाणं बघायचं होतं. सोजरबाई अंगणात शेंगा फोडत होती. हुसेनभाईंनी कलश घेतला आणि नाणं तिच्यासमोर धरलं. “मावशी, कलश घासतो. हे नाही घासणार.”

“काळं नाणं घटात? देवी काय म्हणंल?” तिने हातातली शेंग फोडली. “तुला जमत न्हाय तर राहू दे. चिंचंचं झाड दारात हाय, मी घासंन.”

हुसेनभाई खाली बसले. त्यांनी नाणं तिच्या तळहातावर ठेवलं. “इथं वर नख फिरवा. काही लागतं?”

“लागतंय. बारीक.”

“ती अक्षरं आहेत. आता खाली फिरवा.”

“कायबी न्हाय.”

“तिथंही होती. महाराजांचं नाव होतं, मावशी. मी पुसलं. अकरा वर्षं, याच हातांनी.”

सोजरबाई बराच वेळ नाण्यावर नख फिरवत राहिली. मग म्हणाली, “म्या सांगितलं म्हणून तू घासलंस.”

“सांगितलंत तुम्ही. पण तांब्यातलं मला कळतं, तुम्हाला नाही. चूक माझी.”

“कलश तेवढा घास,” ती म्हणाली आणि नाणं मुठीत घेऊन आत गेली. ती ते चिंचेत भिजत घालणार की नाही, हे आम्हा दोघांनाही कळायला मार्ग नव्हता. परतताना मी हुसेनभाईंवर चांगलंच तोंडसुख घेतलं. पंचवीस रुपयांत सुटणारी गोष्ट या माणसाने म्हातारीच्या मर्जीवर सोडली होती. ते सायकल हातात धरून चालत राहिले. वर्षभर त्यांनी त्या नाण्याचा विषय काढला नाही. पण बैठकीत कुणी शिवराई काढली, की आधी ‘राजा’ची ओळ बघत.

पुढच्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा त्या अंगणात गेलो. सोजरबाईने कलश आणून समोर ठेवला. हुसेनभाईंचा हात पुढे होईना. शेवटी मीच कलश उचलून त्यांच्या ओंजळीत उपडा केला. शिवराई बाहेर पडली, ती काळपट. अक्षरांच्या खाचांत गेल्या घटाची हळद तशीच होती. दोन्ही ओळी जागेवर होत्या. हुसेनभाईंनी ‘राजा’च्या ओळीवर हलकेच नख फिरवलं.

“देवीला सांगितलंय म्या,” सोजरबाई म्हणाली. “काळं दिसलं तर हुसेनला इचार.”