कॉलेजात म्हशीचा नंबर लागला

आमच्या घराण्यात कॉलेजात पहिला प्रवेश आमच्या म्हशीला मिळाला.

खरं तर ती जागा मी माझ्या मुलीसाठी, वैशालीसाठी, धरून ठेवली होती. ती तिसरीत होती तेव्हाच! आमच्या भागातल्या साखर कारखान्याने जाहीर केलं, की कारखाना इंजिनिअरिंग कॉलेज काढणार आणि आत्ता जो ठेव ठेवेल त्याच्या लेकराला जागा राखीव. शिरूर कासारकडच्या आमच्या कोरड्या रानात लोक पुढच्या पावसाचा विचार करत होते, मी पुढच्या दहा वर्षांचा केला. (मी गावच्या दूध डेअरीचा बिनपगारी सचिव. दूरदृष्टी हा माझा जुना आजार.) बायकोच्या, म्हणजे सुमनच्या, पाटल्या मोडून ठेव भरली. पावतीवर लिहून आणलं, वैशाली, जागा क्रमांक एक. सुमनने एवढंच विचारलं, की कॉलेज कुठे आहे. मी म्हणालो, येतंय.

कॉलेजचं भूमिपूजन झालं. मग निवडणूक आली आणि पुन्हा भूमिपूजन झालं. तिसऱ्या भूमिपूजनालाही आम्ही सहकुटुंब हजर होतो. बांधकाम मात्र कंपाउंड आणि कमान यांच्यापुढे सरकेना. तरी पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम तिकडे न्यायचो आणि एका बाभळीकडे बोट दाखवून सांगायचो, की हे मेकॅनिकल. पलीकडचं बोरीचं झाड म्हणजे कॅन्टीन. पाहुणे बिचारे बाभळीकडे आदराने बघायचे!

वैशाली बारावीत गेली आणि दुष्काळ पडला. विहिरीत पाणी नाही, रानात काडी नाही. कारखान्याने जनावरांसाठी चारा छावणी उघडली. कुठे? कंपाउंड होतं, कमान होती, आत जागाच जागा होती! आमची नुकतीच व्यालेली म्हैस 'नियोजित अभियांत्रिकी महाविद्यालय' अशा कमानीखालून रुबाबात आत शिरली आणि नेमकी मेकॅनिकलला बांधली गेली. जनावराजवळ घरचं माणूस लागतं, म्हणून सुमन आणि मी हॉस्टेलला, म्हणजे उसाच्या पाचटाच्या खोपीत. रोज सकाळी म्हशीची हजेरी व्हायची. (एक दिवस चुकला नाही. वैशालीच्या शाळेतही इतकी हजेरी नव्हती.) दुसऱ्याच दिवशी शेजारच्या बैलाने ढुशी मारून तिचं रॅगिंगही केलं. गावातला जो तो मला गाठून विचारायचा, म्हैस कोणत्या वर्षाला आहे? पहिल्याच, असं मी सांगायचो. दुसरं काय सांगणार?

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर वैशालीचा निकाल लागला. पोरीने नाव काढलं! औरंगाबादच्या सरकारी कॉलेजात तिचा नंबर लागला. मी ताठ मानेने ठेव परत मागायला कारखान्यात गेलो. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि प्रेमाने समजावलं, "सचिव, ठेव परत भेटत न्हाई. पण पोरीची जागा कुटं जात न्हाई. एक नंबर हाय."

तेव्हा मी घाबरलो. खरंच घाबरलो. दहा वर्षं ज्या पोरीला तुझी काळजी मिटली म्हणून सांगत होतो, तिला आता कोणत्या तोंडाने सांगणार? छावणीत आलो आणि सुमनपुढे सगळं ओकून टाकलं.

ती धार काढत होती. हात न थांबवता म्हणाली, "फीचं झालंय."

छावणीचा ऊस आणि पेंड खाऊन म्हैस दोन्ही वेळा बादली भरत होती, आणि सुमन ते दूध रोज कमानीजवळच्या चहाच्या टपरीला घालत होती. मी सचिव, आणि माझ्या नाकाखालून!

"आगं, मग डेअरीला कावून न्हाई घातलं?"

"डेअरीला घातलं असतं तर तुमी त्याचीबी ठेव केली असती."

मला इतका आनंद झाला, की मी म्हशीच्या पाया पडलो. तिने शेपटी मारली.

औरंगाबादला प्रवेशाच्या खिडकीवर कारकुनाने फॉर्म भरता भरता घरच्या उत्पन्नाचं साधन विचारलं. सुमन म्हणाली, "म्हैस."

"आणि वडील काय करतात?"

मी कॉलर नीट करून पुढे सरकलो. पण सुमनने आधीच सांगून टाकलं, "ते पुढचा इचार करत्यात."

कारकुनाने एकदा मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं आणि सहीसाठी कागद माझ्याकडे सरकवला.