दहा सेकंदांची भिंत

माझ्या धाकट्या आत्याइतकं दुसऱ्याला घाबरवून सोडणारं माणूस अख्ख्या परळमध्ये झालं नसेल. ती प्रायोगिक सिनेमे बनवायची. म्हणजे त्यांत गोष्ट नसायची, नट नसायचे, आणि पाहणाऱ्याचा धीर संपला तरी सिनेमा संपायचा नाही. एकदा तिने रिळं वडाळ्याच्या मिठागरात महिनाभर पुरून ठेवली. वर काढली तेव्हा चित्रं खाऱ्या चिखलाने खाल्लेली. आत्या खूश! "आता कुठे बोलायला लागली!" फिल्म ती घरीच धुवायची, कॉफी आणि धुण्याच्या सोड्यात, त्यामुळे तिच्याकडे कॉफी पिताना माझा जीव मुठीत असायचा. चित्रीकरणासाठी ती राहायची त्या चाळीच्या तिसऱ्या मजल्याच्या कठड्याबाहेर अर्धी लोंबकळायची. "आत्या, पडशील!" मी ओरडलो, तर म्हणे, "पडले तर कॅमेरा आधी झेल."

मग तिने जिन्याजवळच्या भिंतीतली भेग धरली. रोज सकाळी अकराला, एकाच जागेवरून, फिल्मची फक्त एक चौकट, म्हणजे एकच चित्र. असे आठ महिने. चाळ हसायची. इमारत धोकादायक असल्याची नोटीस कधीचीच लागली होती. लोक त्या नोटिशीवरच टॉवेल वाळत घालायचे.

एका रविवारी दुपारी तिने शेजाऱ्यांना खोलीत बोलावलं, खिडक्या लावल्या, चादर टांगली. आठ महिने दहा सेकंदांत सरकले. भेग छतापासून सळसळत खाली आली, तिला फाटे फुटले, आणि ती जिन्याच्या तुळईखाली शिरली. कुणी हसलं नाही. शेजारच्या मालवणी काकी पुटपुटल्या, "बाय माझे, भिंत चलता गो!" आत्याने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावेपर्यंत अर्धे लोक भांडी बांधायला गेले होते. मी आत्याकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती. सलग तीही पहिल्यांदाच पाहत होती.

चार दिवसांत चाळ रिकामी झाली. सहाव्या दिवशी भिंतीसकट जिना कोसळला. खाली कुणी नव्हतं.

नंतर काकी पेढे घेऊन आल्या. "तुझो सिनेमा कळलो गो," म्हणाल्या. आत्याने पेढा हातातच धरून ठेवला.

आता ती वडाळ्याच्या संक्रमण शिबिरात, घर गेलेल्यांसाठीच्या तात्पुरत्या खोलीत राहते. कॅमेरा तिने कुणाला तरी देऊन टाकला. परवा गेलो होतो, तेव्हा वरच्या मजल्यावर काहीतरी घरघरलं. तिने माझा हात घट्ट धरला.

"कपाट सरकवतायत गं."

"माहीत आहे रे. तरी बस जरा."

मी बसलो. आवाज केव्हाच थांबला होता. तिने हात सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही.