मी सील मारलेला चुकीचा कॉम्प्युटर

ज्या कॉम्प्युटरमध्ये एकही नोंद नव्हती, तो मी जप्त केला, त्याला लाखेची सीलं मारली आणि दोन दिवस त्यावर हवालदाराचा पहारा ठेवला. रत्नागिरीतल्या माझ्या नोकरीतली ही गोष्ट निवृत्तीनंतरही डोक्यातून गेलेली नाही. नावं कुणाचीच घेत नाही. चूक मात्र माझी होती, ती सांगतो.

एका सकाळी बंदरावरचा एक म्हातारा तांडेल, स्वतःची मच्छीमार होडी चालवणारा, ठाण्यात आला. परवान्याच्या नूतनीकरणासाठी तो मच्छीमार सोसायटीत गेला, तर पडद्यावर त्याच्या होडीचा मालक भलताच. "साहेब, होडी खाडीत उभी आहे नि मालक म्हणे दुसराच. मी काय मेलो काय?"

सोसायटीत गेलो. सेक्रेटरीने खुर्ची दिली, चहा दिला आणि हळूच म्हणाला, "शेवटचा बदल कुणी केला ते पडद्यावरच येतं, साहेब. आमच्या काउंटरवरच्या बाईंच्या लॉगिनने झालाय."

माणूस चहा देऊन नाव सांगतो तेव्हा आधी त्याच्याकडे बघावं, हे मी नव्या फौजदारांना शिकवायचो. त्या दिवशी मी चहा प्यायलो आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरचा पंचनामा सुरू केला.

बाई म्हणाल्या, "साहेब, ही नुसती खिडकी आहे हो. नोंदी मागच्या कोठीतल्या मशीनवर असतात."

"बाई, तपास कसा करायचा ते मला शिकवू नका." पंचांसमोर हे वाक्य मला फार भारदस्त वाटलं होतं.

कोठीतलं मशीन तसंच चालू राहिलं. काउंटरवरचा डबा ठाण्यात आला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता बाईंना बोलावलं, महिला शिपायाला शेजारी बसवलं आणि एक वाजेपर्यंत त्याच त्या प्रश्नांनी भंडावलं. त्यांचं एकच उत्तर. "मी केलेलं नाही. प्रोग्राम ज्यांनी लिहिला त्यांना तरी विचारा." डोळ्यांत पाणी नव्हतं, म्हणून मला त्या जास्तच मुरलेल्या वाटल्या. संध्याकाळपर्यंत अटकेचे कागद तयार झाले. तिकडे सेक्रेटरीने त्यांच्या निलंबनाचं पत्र टाईप करून ठेवलं होतं, फक्त आमच्या अटकेची वाट बघत होता.

वरिष्ठांनी फोनवर विचारलं, "तज्ज्ञाचं मत घेतलंत ना?" म्हणून, निव्वळ कागद पुरा करायला, प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला बोलावलं. तिसऱ्या दिवशी तो संगमेश्वरहून एसटीने आला. लाखेची सीलं बघून त्याने चष्मा पुसला.

"साहेब, याला कशाला कोंडलंत?"

मग आम्हा सगळ्यांना तो सोसायटीच्या कोठीत घेऊन गेला. "काउंटरवर बटण दाबलं की पडदा स्वतः काहीच लिहीत नाही. तो या मशीनला नुसता निरोप देतो, अमुक प्रोसिजर चालव, हा नौकेचा नंबर, हे नवं नाव. स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे इथे आधीच लिहून ठेवलेला हुकूम. तो आधी तपासतो, अशी नौका आहे का. मग जुनं नाव बाजूच्या तक्त्यात उतरवतो. वेळ, लॉगिन, कुठल्या कॉम्प्युटरवरून निरोप आला, सगळं. त्यानंतर नवं नाव. यातलं एक जरी फसलं तरी सगळं रद्द, नोंद होती तशी."

"हा बाजूचा तक्ता कुणाला दिसतो?"

"काउंटरवरून कुणालाच नाही."

तीस वर्षं मी स्टेशन डायरी लिहिली. नंतर आठवेल म्हणून दोन ओळी मोकळ्या सोडायची माझी सवय सगळ्या ठाण्याला ठाऊक होती. इथे ओळ सोडायची सोयच नव्हती. कुणी बघत नसताना, नव्याने कुणी सांगितलं नसताना, हे मशीन दर वेळी खोडण्याआधी जुनं जपून ठेवत होतं. देवळात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसा माझा आला.

पडद्यावर दोन ओळी उमटल्या. पहिली, तांडेलाचं नाव जाऊन दुसरं आलं. दुसरी, तेच नाव जाऊन तांडेलाचं परत आलं, काल अकरा वाजून वीस मिनिटांनी. दोन्हीकडे लॉगिन बाईंचं. कॉम्प्युटर मात्र सेक्रेटरीच्या केबिनमधला.

काल अकरा वीसला बाई माझ्यासमोर जबाब देत होत्या. वेळ माझ्याच अक्षरात डायरीत होती.

घराची किल्ली शेजारी ठेवावी, तसा प्रत्येकाने आपला पासवर्ड सेक्रेटरीच्या वहीत लिहून द्यायचा, अशी त्या सोसायटीत रीत होती. सेक्रेटरीने आधी पाणी मागितलं, मग कबुली दिली. नोंद पूर्ववत केली की पुरावाच उरणार नाही, असं त्याला वाटलं होतं. नवा मालक त्याचा मेहुणा निघाला. तांडेलाला विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?" तो म्हणाला, "तुम्ही विचारलात कधी? सगळ्या बंदराला ठाऊक आहे."

होडीचे कागद तांडेलाला मिळाले. अटकेचे कागद मी फाडले. या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, की पडद्यावर दिसतं ते शेवटचं नाव असतं, आणि तपास त्याच्या मागे सुरू होतो. हे मी पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला सांगितलं, जणू मलाच सुचलं होतं.

आठवड्याने माफी मागायला सोसायटीत गेलो. बाई काउंटरवर होत्या, समोर रांग होती. मी चार लोकांसमोर म्हणालो, "बाई, तुमच्या त्या प्रोसिजरपुढे आम्ही पोलीस काहीच नाही."

त्यांनी मान वर केली नाही.

"ती आधी तपासते, मग लिहिते, साहेब. तुम्ही माझं नाव आधी लिहिलंत. सरका जरा, मागे माणसं उभी आहेत."