आहेराचा भाग

मसोलीत नयनच्या दुकानावर एक पाटी आहे : ‘जुन्या सीडी, कॅसेट मोबाईलमध्ये भरून मिळतील.’ दुकान चालतं ते पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर, पण नयनचा जीव या पाटीच्या कामात. लोक कपाटाच्या तळातून लग्नाच्या सीडी काढून आणतात. त्यांतल्या फायली जुन्या वळणाच्या. मोबाईलवर त्या उघडत नाहीत, कुणाला पाठवताही येत नाहीत. नयन त्यांचं एमपीफोर करून देतो, मग वापीला दिलेली आत्यासुद्धा आपल्या घरी बसून भावाची हळद बघते.

मी शाळेत शिकवायचे तेव्हा नयन माझ्या वर्गात होता. दुसऱ्या कुणाची पेन्सिल हरवली तरी याचाच चेहरा पडायचा. मोठेपणीही तो तसाच राहिला. फोटोत कुणाचे डोळे मिटलेले आले, तर चूक आपलीच समजून पुन्हा फोटो काढून देणारा.

फाईल लहान व्हावी, चटकन पाठवता यावी, म्हणून एक काम तो न सांगताही करायचा. आहेराचा भाग कापून टाकायचा. आमच्याकडच्या लग्नात आहेर म्हणजे जवळजवळ अर्धी सीडी. माणसं रांगेत उभी, माईकवरून नाव पुकारलं जातं, पाकीट किंवा भांडं पुढे होतं, कॅमेऱ्याकडे एक नजर, की पुढचा माणूस. “हे कोण बघतंय?” नयन म्हणायचा, आणि लोकांना ते पटायचं. सीडी ज्याची त्याला परत जायची आणि कॉम्प्युटरवरची मूळ प्रत तो जागा करण्यासाठी पुसून टाकायचा.

मागच्या वर्षी क्रांती त्याच्याकडे आली. धाकटी डहाणू गावातली, मासळी विकणाऱ्या शांतीची मुलगी, डहाणूत नर्स आहे. तिचा बाप मोरू ती रांगत होती तेव्हा काविळीने गेला. घरात त्याचा एकच फोटो, मतदार कार्डावरून मोठा केलेला, सरळ समोर बघणारा. पण गल्लीतून क्रांती निघाली की म्हाताऱ्या बायका हटकून म्हणतात, “मोरूच चालला बघ.”

“नयनदादा, माझं लग्न ठरलंय, पुढच्या वर्षी,” ती म्हणाली. “आई सांगते, जिग्नेशकाकाच्या लग्नात बाबा हंडा घेऊन आहेराला गेले होते. ते तूच मोबाईलमध्ये भरून दिलंस ना? मला एकदा बघायचंय, बाबा चालायचे कसे.”

नयनला त्या क्षणी सगळं आठवलं. जिग्नेशचं लग्न त्याने भरून दिलं होतं आणि आहेर कापला होता. तो म्हणाला, “बघतो.”

मग तो नुसताच बघत राहिला. कधी कॉम्प्युटर बिघडला, कधी हार्ड डिस्क दुरुस्तीला मुंबईला गेली. शांती बाजारातून जाताना दुकानाच्या पायरीवर पापलेट ठेवायची. “आठवण आहे ना रे?” विचारायची. त्या दिवशी नयनचं पोट बिघडलेलं असायचं. कालवण बायकोच जेवायची.

या माघात तो माझ्या ओटीवर येऊन बसला आणि सगळं सांगितलं. “बाई, तुम्ही सांगाल का शांतीमावशीला?”

“कापलंस तू आणि सांगू मी?” मी म्हटलं. “चल, सोबत येते.”

शांती अंगणात बोंबील साफ करत बसली होती. नयन उभ्यानेच बोलला. शेवटचं वाक्य तर त्याने टोपलीकडे बघून म्हटलं.

“कापलं म्हणजे? परत जोडता येत नाय?”

“नाय, मावशी. माझ्याकडचं पुसलं गेलं.”

तिचे हात चालूच होते. ती म्हणाली, “मग वर्षभर माझे पापलेट कशाला खाल्लेस?”

“मी नाय खाल्ले.”

“बायकोने तर खाल्ले. तिला तरी सांगितलंस का, कशाचे आहेत ते?” तिने हात धुतले. “आणि चकती? ती जिग्नेशच्या घरी असेल की. विचारलंस?”

त्याने विचारलं नव्हतं. विचारायला गेलं असतं तर का हवी तेही सांगावं लागलं असतं.

जिग्नेशचं घर खाडीच्या कडेला. आम्ही तिघं गेलो तेव्हा तो जाळं सांधत होता. ऐकून म्हणाला, “अरे, मीच म्हटलं होतं काप म्हणून. तू कशाला जीवाला लावून घेतोस?”

“कापलं मीच ना,” नयन म्हणाला.

जिग्नेशची आई बायजी बाहेर आली आणि तिने घरामागे बोट दाखवलं. तिथे बांबूंवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्यामधून जाळ्याच्या दोऱ्याला बांधलेल्या सीडी उन्हात लकाकत फिरत होत्या. कावळे बिचकतात त्यांना.

“डब्यात होत्या,” बायजी म्हणाली. “एक काळी पडली की दुसरी बांधते. ह्या सगळ्या आता दिवाळीनंतर बांधलेल्या. मागच्या साली आला असतास तर डब्यातून चांगली काढून दिली असती.”

ती सहज बोलली होती. नयन मात्र बांबूंपर्यंत गेला, पण दोऱ्याला हात लावेना. शेवटी शांतीनेच दोरे सोडायला सुरुवात केली. एका सीडीवर लग्नाची तारीख आणि ‘भाग २’ एवढं अजून वाचता येत होतं. तिची कड पापुद्र्यासारखी सुटली होती.

निरोप मिळाला तशी क्रांती ड्युटीवरून थेट दुकानात आली. नयनने सीडी मऊ फडक्याने पुसून पुन्हा पुन्हा घातली. यंत्र घरघरायचं आणि सीडी बाहेर टाकायचं. मग एकदा चित्र आलं. आहेराची रांग. शांती एकदम पुढे वाकली. “तो बघ. निळा सदरा.”

मोरू रांगेत उभा होता. हंडा त्याने एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला. माईकवरून त्याचं नाव आलं. तो निघाला, उजवा खांदा जरा पुढे काढून, पाय किंचित फेकत, आणि स्टेजच्या पायरीवर पाय ठेवतो तोच चित्राचे चौकोन झाले. निळ्याचे, हंड्याचे, चेहऱ्याचे. नंतर काहीच नाही.

क्रांतीने ते परत लावायला सांगितलं. आणखी एकदा. मग ती उठली आणि दारापर्यंत चालत गेली.

“अशीच ना, आई?”

“हंडा घेऊन चाल, मग सांगते,” शांती म्हणाली आणि पदराने नाक पुसून हसली.

नयनने जेवढं आलं तेवढ्याचं एमपीफोर करायला घेतलं. त्याने अजून एकदाही मान वर केली नव्हती. क्रांती त्याच्यामागे येऊन उभी राहिली.

“दादा, शेवटी ते चौकोन होतात ना, तेवढं कापून दे. बाबांचा चेहरा तुटतो तिथे.”

नयनचा हात माऊसवरून खाली आला.

“ते तुझं तू काप, क्रांती,” तो म्हणाला. “कसं ते मी दाखवतो. माझ्याने नाय व्हायचं.”

क्रांतीने त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे.

“राहू दे मग,” ती म्हणाली. “सगळंच दे.”