सहावा हात

आमचं गाव आता पुणे शहरात आलं, पण त्या वेळी ग्रामपंचायत होती आणि मी तिची मेंबर होते. बायकांच्या राखीव जागेवर मला चुलत सासऱ्यांनी उभं केलं. तेच सरपंच होते. चौथी शिकलेली सून घरात होती आणि मुख्य म्हणजे ती बोलत नव्हती. पंचायतीचा शिपाई वही घेऊन दारात यायचा, "वहिनी, इथं सही करा" म्हणायचा. वरचं पान कोरं असायचं. मी सही करायचे आणि परत भाकरीकडे वळायचे.

दुसऱ्या वॉर्डातून एक आक्का मेंबर होत्या. रोज पहाटेच्या बसने पुण्याला मंडईत भाजी घेऊन जायच्या. त्यांना सहीपुरतंच लिहिता यायचं, पण आवाज असा की तीन गल्ल्यांत ऐकू जावा. मला त्यांची भीतीच वाटायची.

कंप्युटर कंपन्यांत काम करणाऱ्यांसाठी टेकडीखाली मोठी सोसायटी झाली आणि गावाच्या टाकीतून तिथे पाइप गेला. आमच्या नळाला चार-चार दिवस पाणी येईना. लोक विचारायला गेले तर सरपंच म्हणाले, "मेंबरांनी ठराव केलाय."

दुपारी आक्का माझ्या दारात. "तुला वाचता येतं ना? चल."

पंचायतीत ग्रामसेवकांनी वही पुढे सरकवली. "काय आक्का, मेथीचा भाव नोंदवायचाय का?"

"भाव मंडईत कळंल. तू आधी वही उघड."

मी बोट ठेवून वाचलं. शेवटी होतं, 'सदर ठराव सर्वानुमते मंजूर.'

"सर्वानुमते म्हंजी?"

"सगळ्यांच्या मताने."

"सगळ्यांत मी हाय का?"

"आहे. खाली तुमची सही आहे. माझीपण आहे."

मला वाटलं, आता ओरडतील. पण त्या वहीकडे बघत हळू म्हणाल्या, "म्हंजी पाणी आपणच दिलं." बाहेर आल्यावर माझ्या पाठीवर थाप मारली. "तुला वाचता येतं, मला बोलता येतं. दोघींचं मिळून एक मेंबर झालं बघ."

सरपंचाला उतरवता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. आक्कांनी मंडईतल्या एका गिऱ्हाइकाला, जुन्या वकिलाला, विचारून घेतलं होतं. अविश्वास ठराव. तहसीलदार सभा घेणार, नऊ मेंबरांतले सहा हात वर झाले तर सरपंच खाली. पाच जण तयार होते. आक्कांनी मला एकदाच विचारलं. मी मान खाली घातली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

घरात सासूबाई भांडी आपटत होत्या. "ज्यांनी खुर्ची दिली त्यांच्यावरच हात उगारा आता!" मालक एवढंच म्हणाले, "तुझं तू बघ. पण काका समोर बसणारेत."

सभेला तहसीलदार टेबलामागे आणि चुलत सासरे माझ्या अगदी समोर. आक्का उभ्या राहिल्या. पाण्याचं सगळं सांगितलं आणि मग म्हणाल्या, "साहेब, आमचीबी चूक हाय. कोऱ्या पानावर सह्या आम्हीच केल्या. ती चूक निस्तरायलाच आज आलोय." सरपंच शेजारच्याला कोपरखळी मारून हसले, पण बाकी कुणी हसलं नाही. आपली चूक अशी भर सभेत सांगणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

"ठरावाच्या बाजूने हात वर करा."

पाच हात झाले. त्याच वेळी चुलत सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सवयीने माझा हात डोक्यावरच्या पदराकडे गेला. तो तिथेच राहिला.

तहसीलदार म्हणाले, "सहा."

"अवो साहेब," सरपंच म्हणाले, "आमची सून हाय ती. पदर सावरतीय. हात कुठं वर केलाय?"

सगळे हसले. तहसीलदारांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही पदर घेतलात की हात वर केलात?"

मी आक्कांकडे पाहिलं. त्या बोलतील असं वाटलं. ती बाई, जिला गप्प बसणं ठाऊकच नव्हतं, तोंड मिटून जमिनीकडे बघत राहिली.

"दोन्ही, साहेब."

ठराव मंजूर झाला. पुढच्या महिन्यात सोसायटीच्या पाण्याचा ठरावही फिरवला. सोसायटीने स्वतःची बोअर घेतली.

सभेच्या दिवशी कुणी गुलाल आणला होता, पण आक्का थांबल्या नाहीत. सभेसाठी पहाटेची बस सोडली होती आणि टोपलीत कोथिंबीर सुकत होती. बसथांब्यापर्यंत मी त्यांच्यामागे धावत गेले. विचारलं, "तुम्ही माझ्या वतीने का नाही बोललात? मी किती घाबरले!"

"मी बोलले असते तर ते माझंच मत झालं असतं," आक्का म्हणाल्या. "मला दोन मतं कुठं हायत?"

बस आली. त्या टोपली घेऊन चढल्या.

चुलत सासऱ्यांच्या घरून त्या वर्षी हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण त्यानंतर शिपाई वही घेऊन आला, की मी त्याला ओसरीवर बसवून पाणी द्यायचे आणि पान पूर्ण वाचून होईपर्यंत पेन हातात घ्यायचे नाही.